कडू आणि कडक

मराठीत 'कडू' आणि 'कडक' हे शब्द उच्चाराने शेजारी असले तरी जिभेच्या व्यवहारात ते दोन निराळ्या गोष्टी सांगतात. कडू ही चव आहे आणि कडक हे बळ आहे, म्हणून कारले कडू असते, चहा कडक असतो आणि यवतमाळ जिल्ह्यात कोणत्याही मद्याविषयी पहिला प्रश्न 'कडक आहे का' असाच विचारला जातो. पुण्यातील एका मायक्रोब्रुअरीच्या चव-चाचणी मंडळावर काम करणाऱ्या, मूळच्या याच जिल्ह्यातील प्रस्तुत लेखकाला एकाच वेळी अतिशय कडू आणि अतिशय कडक असलेली बिअर चाखून तिचे वर्णन मराठीत नोंदवायचे होते, तेव्हा सर्वात मोठी अडचण या दोन शब्दांची झाली, कारण यवतमाळच्या मद्यव्यवहारात हे दोन गुण एका पेल्यात क्वचितच भेटतात.

ज्या बिअरविषयी हे लेखन आहे तिला डबल आयपीए म्हणतात. आयपीए हे 'इंडिया पेल एल' या नावाचे लघुरूप असून अठराव्या शतकाच्या अखेरीपासून लंडनच्या बो भागातील हॉजसन यांच्या कारखान्यातील बिअर ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांतून भारतात येत असे, तर १८२० च्या दशकात बर्टन-ऑन-ट्रेंट येथील ऑलसॉप यांनी त्या व्यापारात उडी घेतली. ही बिअर खास भारतासाठी कोणी शोधून काढली, ही लोकप्रिय कथा अभ्यासकांना मान्य नाही. हॉप्स भरपूर असलेली बिअर लांबच्या प्रवासात टिकते हे ज्ञान आधीपासूनच होते आणि नाव मागाहून चिकटले. नावात इंडिया असली तरी ती बिअर इंग्रज अधिकाऱ्यांची होती, आणि वऱ्हाड प्रांत तर १८५३ पर्यंत निजामाच्याच कारभारात होता. 'डबल' हे विशेषण अमेरिकेतले आहे. १९९४ मध्ये कॅलिफोर्नियातील टेमेक्युला येथे विनी सिलुर्झो यांनी ब्लाइंड पिग या छोट्या ब्रुअरीत हॉप्सचे आणि माल्टचे प्रमाण बरेच वाढवून जी बिअर केली, तिच्यापासून हा प्रकार रूढ झाला असे सामान्यतः मानले जाते.

हॉप्स म्हणजे एका वेलीच्या मादी झाडावर येणारे, कागदी पाकळ्यांचे हिरवे बोंड. ही वेल गांजाच्याच कुळातली आहे, हे सांगितले की यवतमाळात ऐकणाऱ्याच्या भुवया हमखास उंचावतात, पण नशेशी या नात्याचा काही संबंध नाही. बोंडाच्या पाकळ्यांच्या मुळाशी पिवळ्या भुकटीसारखी राळ असते आणि तिच्यातील अल्फा आम्ले मुळात पाण्यात फारशी विरघळत नाहीत, परंतु माल्टच्या, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या धान्याच्या, गोड काढ्यात तासभर उकळल्यावर त्यांच्या रेणूंची रचना बदलते आणि मगच ती कडू होऊन बिअरमध्ये उतरतात. हा कडूपणा आयबीयू या एककात मोजतात. ढोबळमानाने एक आयबीयू म्हणजे एका लिटरमध्ये एक मिलिग्रॅम कडू आम्ल. डबल आयपीएचा आकडा साठ ते शंभर असा धरला जातो, तर बाजारात मिळणाऱ्या नेहमीच्या बाटलीबंद बिअरचा तो सहसा वीसच्या आतच असतो. उकळण्यात हॉप्सचे सुगंधी तेल मात्र उडून जाते, म्हणून बिअर आंबून झाल्यावर थंड अवस्थेत पुन्हा हॉप्स घालतात. या दुसऱ्या खेपेला ड्राय हॉपिंग म्हणतात, आणि पेला नाकाशी नेताच जो वास अंगावर येतो तो तिचाच असतो.

बळाच्या बाबतीत भारतीय कायद्याने एक मजेशीर फट ठेवली आहे. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या मानकांनुसार पाच टक्क्यांपर्यंत मद्यांश असलेली बिअर सौम्य आणि पाचपेक्षा जास्त ते आठ टक्क्यांपर्यंतची स्ट्राँग समजली जाते; डबल आयपीए साडेसात टक्क्यांपासून पुढे सुरू होते आणि परदेशात दहापर्यंतही जाते, म्हणजे इथल्या ब्रुअरला हा प्रकार करण्यासाठी जेमतेम अर्ध्या टक्क्याची जागा उरते. कागदावर पाहिले तर पुण्यातील मायक्रोब्रुअरीची डबल आयपीए आणि यवतमाळच्या बसस्थानकाजवळच्या बारमध्ये मिळणारी स्ट्राँग बाटली या दोघी एकाच वर्गात बसतात, दोघींचा मद्यांश जवळपास सारखाच असतो, आणि तरीही त्या चवीने एकमेकींच्या कोणीच लागत नाहीत. स्ट्राँग बाटलीत तांदूळ, मका किंवा साखर यांच्या आधाराने मद्यांश चढवलेला असतो, कडूपणा नावापुरता असतो, आणि ती इतकी गार करून देतात की जी थोडीबहुत चव आहे तीही जिभेला कळू नये. तिचा खरेदीदार चव विकत घेत नाही. रुपयामागे किती टक्के मिळतात याचा हिशेब त्याच्या डोक्यात पक्का असतो आणि तो चुकीचाही नसतो.

चाखण्याचे काम हे पिण्याच्या कामापेक्षा फारच रूक्ष असते, हे इथे नमूद करणे आवश्यक आहे. ट्यूलिपच्या फुलासारखा, तोंडाशी आत वळलेला पेला एक तृतीयांश भरतात; बिअरचे तापमान आठ ते बारा अंशांच्या दरम्यान ठेवतात, कारण त्याहून थंड बिअरचा वास उठत नाही; प्रथम वास, मग रंग व फेस, मग लहान घोट, आणि मग किमान अर्धा मिनिट काहीच न करता गप्प बसणे, कारण कडूपणा उशिरा येतो आणि उशिरा जातो. वाइन चाखणारे घोट थुंकून टाकतात, बिअर चाखणारे मात्र गिळतात. जिभेच्या मागच्या भागातच कडू कळते ही शाळेत शिकवलेली गोष्ट चुकीची आहे, जीभ सगळीकडे सगळ्या चवी ओळखते; तरीही कडूपणाची शेपटी घशाशी रेंगाळते आणि गिळल्याशिवाय तिची लांबी मोजता येत नाही. माणसाला कडू ओळखण्यासाठी सुमारे पंचवीस प्रकारचे ग्राहक, म्हणजे चवीच्या पेशींवरचे रासायनिक दरवाजे, मिळालेले आहेत, गोडासाठी मात्र जवळजवळ एकच. निसर्गाला विषाची भीती किती होती, ते यावरून समजावे. एकामागून एक कडू नमुने घेतले की कडूपणा साचत जातो आणि पाचव्या-सहाव्या पेल्यानंतर जीभ खोटे बोलू लागते, म्हणून मध्ये साधे पाणी आणि बिनमिठाचा पाव देतात. चिवडा, शेव, भाजलेले शेंगदाणे असा चकणा चाखणीच्या टेबलावर ठेवणे हा या कामातला अपराध समजला जातो.

नोंदपत्रकातली वर्णने इंग्रजीत तयार मिळतात, पण ती उसनी असतात. पत्रकात ग्रेपफ्रूट हा शब्द असतो, परंतु यवतमाळच्या माणसाने ग्रेपफ्रूट पाहिलेले नसते. पाइन असते, पण पाइनचे झाड त्याच्या जंगलात नाही. त्याऐवजी त्याच्याजवळ काय आहे, याचा शोध घेताना प्रस्तुत लेखकाच्या हाती लागलेल्या गोष्टी अनपेक्षितपणे नेमक्या निघाल्या. हॉप्सच्या तेलात मायर्सीन हे द्रव्य मोठ्या प्रमाणात असते, आणि तेच आंब्याच्या चिकातही आढळते; कैरी देठापासून तोडताना बोटाला लागणाऱ्या चिकाचा तो झोंबरा, हिरवा वास एकदा डोक्यात आला की डबल आयपीएच्या पेल्यात तो पुन्हा पुन्हा सापडतो. जिरॅनिऑल हे दुसरे द्रव्य विदर्भाच्या माळरानांवरील रोशा गवताच्या तेलाचा मुख्य घटक आहे; हे गवत चुरगाळले की गुलाबासारखा पण किंचित रानवट वास येतो. पाइनच्या राळेच्या जागी सालईचा डिंक ठेवावा, कारण टिपेश्वर अभयारण्याच्या बाजूच्या कोरड्या जंगलात वाढलेल्या माणसाला तो धुपासारखा वास समजावून सांगावा लागत नाही. राहिला संत्र्याच्या सालीचा वास. तो या बिअरमध्ये सर्वांत ठळक होता आणि तोच शब्द वापरणे सर्वांत अवघड ठरले, कारण विदर्भात मद्याच्या संदर्भात 'संत्रा' म्हटले की समोरच्याच्या डोळ्यांपुढे फळ येत नाही, देशी दारूची बाटली येते.

या वर्णनांची खरी परीक्षा पुण्यात होणे शक्य नव्हते. पुण्यात २००९ मध्ये डूलाली ही मायक्रोब्रुअरी सुरू झाल्यापासून अशा बिअरचा एक जाणकार वर्ग तयार झाला आहे, आणि जाणकार माणूस जे वाचलेले असते तेच चाखतो. म्हणून गुढीपाडव्याच्या आठवड्यात यवतमाळ जिल्ह्यातील पांढरकवडा येथे एका घरी छोटी चाचणी ठरवली गेली. बिअरचे चार कॅन पुण्याहून सुमारे सहाशे किलोमीटर प्रवास करून आले. त्यांपैकी दोन बर्फाच्या पेटीत आणि नंतर फ्रीजमध्ये राहिले, तर दोन मुद्दाम आठवडाभर टिनपत्र्याच्या खोलीत ठेवले गेले, जिथे दुपारी चाळीस अंशांच्या पुढचे तापमान सहज असते. हॉप्सयुक्त बिअर उष्णतेत किती झपाट्याने बिघडते हे पाहणे, हा या व्यवस्थेचा एक हेतू होता. चाखणारे चौघे होते, चौघेही पन्नाशीच्या पुढचे. त्यांत कापसाच्या जिनिंगमध्ये आयुष्य घालवलेले एक ग्रेडर होते, एक निवृत्त कृषी सहायक होते आणि झरी जामणीकडचे दोन शेतकरी होते, ज्यांना मोहाच्या दारूची परीक्षा लहानपणापासून ठाऊक होती.

मोहाची परीक्षा ही बिअरच्या चाखणीच्या अगदी उलट टोकाची विद्या आहे. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे मोहाची मांसल, पिवळसर फुले गळतात. बाया उजाडण्यापूर्वी टोपल्या घेऊन झाडाखाली जातात, फुले वेचतात, वाळवतात. वाळलेल्या फुलांत साखरेचे प्रमाण निम्म्याहून अधिक असते. ती पाण्यात भिजवून काही दिवस आंबू दिली की त्याला सडवा म्हणतात, आणि तो सडवा मडक्यांच्या रचनेत उकळून त्याची वाफ थंड केली की पहिल्यांदा जी पडते ती पहिल्या धारेची. तिची कसोटी जिभेवर होत नाही, आगीवर होते: बोटावर किंवा जमिनीवर थोडी घेऊन काडी लावायची, निळी ज्योत उठली तर ती खरी. ज्योत उठायला मद्यांश निम्म्याच्या आसपास तरी लागतो, म्हणजे बळ जोखण्यापुरती ही कसोटी वैज्ञानिकदृष्ट्या ठीक आहे. फक्त तिच्यात चवीला स्थानच नाही. परवान्यावाचून अशी दारू गाळणे गुन्हा आहे आणि पोलीस सडवा नष्ट करतात, ही बातमी या भागात हंगामासारखी येते. फुले वेचणे मात्र अनेक कोलाम आणि गोंड घरांच्या उन्हाळ्याचा आधार असते.

ताजा कॅन आधी उघडला. घोट घेतल्यावर दोघा शेतकऱ्यांचे चेहरे पाडव्याला कडुनिंबाचा पाला चावताना होतात तसे झाले, आणि त्यांपैकी एकाच्या तोंडून 'कडूजहर' हा शब्द निघाला. नोंदपत्रकाच्या कडूपणाच्या रकान्यात इंग्रजीतल्या कोणत्याही विशेषणापेक्षा तो चपखल बसतो. दुसऱ्याने विचारले, ही पेटते का? पेटत नाही, हे कळल्यावर त्याची तिच्यातली उत्सुकता उघडपणे कमी झाली. इथे एक गैरसमज मात्र सर्वांनाच झाला, आणि तो अभ्यासकाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे: एवढी कडू आहे म्हणजे ती स्ट्राँग बाटलीपेक्षा बरीच कडक असणार, असे चौघांनीही गृहीत धरले. मद्यांश जवळपास सारखाच आहे हे सांगूनही ते कोणाला पटले नाही. औषध जितके कडू तितके गुणकारी, हा घरगुती नियम त्यांनी पेल्यालाही लावला होता.

ग्रेडरांचे चाखणे वेगळे होते. कापसाचा ग्रेडर मूठभर कापूस ओढून धाग्याची लांबी, ओल आणि कचरा बोटांनी सांगतो, वर्षानुवर्षे तेच करतो, आणि त्यामुळे जाणिवेला ताबडतोब निष्कर्ष न बनवता थोडा वेळ नुसते थांबू देण्याची सवय त्याला असते. त्यांनी पेला फिरवला, वास घेतला, ठेवला, पुन्हा घेतला आणि 'कैरीचा चीक' हे दोन शब्द कोणी सुचवलेले नसताना उच्चारले. उकाड्यात ठेवलेल्या कॅनची बिअर त्यांच्यापुढे आली तेव्हा त्यांनी पेला लगेच खाली ठेवला आणि पावसाळ्यात ओल खाल्लेल्या रुईच्या गाठीचा वास येतो असे सांगितले. बिअरमध्ये ऑक्सिजनमुळे होणाऱ्या या बिघाडाला चाखणीच्या परिभाषेत ओल्या पुठ्ठ्याचा वास म्हणतात. पुठ्ठा आणि रुई दोन्ही मुळात सेल्युलोजच, तेव्हा प्रशिक्षित जीभ आणि बिअरबाबत अप्रशिक्षित नाक एकाच ठिकाणी पोचले, असे म्हणण्यास हरकत नाही.

चव आणि बळ यांची ही फारकत केवळ वर्णनाचा प्रश्न नाही, याचे भान या जिल्ह्यात लिहिताना सोडता येत नाही. वर्धा नदीपलीकडचा वर्धा जिल्हा गेली पन्नास वर्षे दारूबंदीत आहे. शेजारच्या चंद्रपूरमध्ये १ एप्रिल २०१५ पासून बंदी होती आणि २०२१ मध्ये ती उठवण्यात आली. सीमेवरच्या गावांतील दुकानांचा धंदा या निर्णयांबरोबर वरखाली होत राहिला. यवतमाळ जिल्ह्यातही स्त्रियांनी दारूबंदीसाठी मोर्चे काढले. उभी बाटली की आडवी बाटली अशा चिन्हांवर मतदान घेऊन गावातले दुकान बंद करण्याचा मार्ग महाराष्ट्रातील स्त्रियांनी अनेक ठिकाणी वापरला आहे, आणि आडव्या बाटलीला मत देणाऱ्या बाईपुढे हॉप्सच्या सुगंधाची चर्चा करणे कोणालाही जमणार नाही. एप्रिल २०२१ मध्ये, टाळेबंदीत दारूची दुकाने बंद असताना, वणी येथे सॅनिटायझर प्यायल्याने सात जणांचा मृत्यू झाला. केवळ बळ शोधणारी जीभ कुठवर जाऊ शकते, याचे त्याहून स्पष्ट उदाहरण जिल्ह्याबाहेर शोधण्याची गरज नाही.

कडूपणा हा अशा वेळी लगामासारखा काम करतो, असे म्हणण्याचा मोह होतो. स्ट्राँग बाटली घटाघटा पिता येते, तर डबल आयपीएचा अर्धा पेला संपायला पाऊण तास लागतो, हा अनुभव पांढरकवड्यालाही आला. परंतु हा युक्तिवाद चाखणाऱ्याने स्वतःच तपासून पाहिला पाहिजे, कारण उत्तम केलेल्या डबल आयपीएचा गुणच हा मानला जातो की तिच्यातला आठ टक्के मद्यांश घशाला जाळत नाही, फळांच्या वासामागे तो लपतो. कडूपणाची एकदा सवय झाली की लगाम सुटतो आणि उरते ती सुगंधाआड लपलेली स्ट्राँगच. मोहाची ज्योत निदान खोटे बोलत नाही. प्रस्तुत लेखकाला आपल्या व्यवसायाविषयी वाटणारी ही शंका त्या संध्याकाळी जितकी जाणवली तितकी पुण्याच्या वातानुकूलित खोलीत कधी जाणवली नव्हती.

हॉप्सची वेल भरघोस फुलायला उन्हाळ्यात पंधरा तासांच्या आसपासचा दिवस लागतो, म्हणून तिची मोठी शेती जर्मनीच्या हालरटाऊमध्ये, अमेरिकेच्या याकिमा खोऱ्यात होते आणि भारतात थोडीबहुत हिमाचलच्या लाहौल खोऱ्यात झाली. यवतमाळचा सर्वांत मोठा दिवस साडेतेरा तासांच्याही आतला असतो. म्हणजे या पेल्यातला सगळा वास दुरून आलेला, थंडीत जपलेला आणि टिनपत्र्याखालच्या एका आठवड्यात नाहीसा होणारा होता. उकाड्यात ठेवलेल्या कॅनमध्ये कैरीचा चीक, सालई, संत्रे यांपैकी काहीही उरले नव्हते. कडूपणा बोथट झाला होता, गुळाच्या पाकासारखी एक जड गोडी पुढे आली होती, आणि मंडळाच्या निकषांनुसार ती बिअर बाद होती. प्रस्तुत लेखकाने तिला तसाच शेरा दिला. ग्रेडर सोडून उरलेल्या तिघांनी मात्र दोन्ही पेले पुन्हा एकदा मागवले, आलटून पालटून चाखले आणि उकाड्यात ठेवलेली बिअरच चांगली आहे, असे एकमताने सांगितले. ते मत नोंदपत्रकात त्यांच्याच शब्दांत, कोणताही शेरा न जोडता, लिहिलेले आहे.